गगनबावड्याचे पाणी आणि त्याचे हक्कदार

कोल्हापूर जिल्ह्यात सर्वांत अधिक पाऊस कोठे पडतो असे विचारले, तर शाळकरी मूलही गगनबावड्याचे नाव सांगेल. वर्षाची सरासरी पाच हजार मिलिमीटरांच्या पुढे जाते. तेथून अवघ्या पंचावन्न किलोमीटरांवरील कोल्हापूर शहरास त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा लाभतो. असे असूनही फाल्गुन सरला की याच तालुक्यातील वाड्यांवर आणि धनगरवाड्यांवर बायाबापड्या हंडे घेऊन झऱ्याची वाट तुडवू लागतात. ही निसर्गाची लहर म्हणून आपण सोडून देतो. आमच्या मते तीत निम्मा भाग निसर्गाचा असेल, उरलेला कागदाचा आहे.

निसर्गाचा भाग थोडक्यात सांगून टाकू. येथील सड्यांवर जांभ्या दगडाचे टोपण आहे आणि त्याखाली काळा कातळ. जांभा सच्छिद्र, कातळ घट्ट. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपत खाली येते, कातळाशी अडते आणि दोहोंच्या सांध्यावर झरा होऊन उताराला बाहेर पडते. बाकीचे सारे कुंभीसारख्या नद्यांतून पंचगंगेकडे किंवा घाटाखाली कोकणात धावून जाते. म्हणजे डोंगरी गावाचे उन्हाळ्यातले पाणी बहुधा गावात नसतेच. ते गावाच्या वर, कोणाच्या तरी सर्वे नंबरात असते. वाद येथूनच सुरू होतो.

या मुलखाचे धनी बावड्याचे पंत अमात्य. त्या घराण्याचे मूळ पुरुष रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावावर १७१५ चे आज्ञापत्र आहे, हे श्रोत्यांस ठाऊकच असेल. त्यातील दुर्गप्रकरणात पाण्याविषयी जे सांगितले आहे ते आम्हांस नेहमी विलक्षण वाटते. गड बांधण्याआधी पाणी पाहावे. पाणी नसेल आणि स्थळ तर राखणे अगत्याचे असेल, तर खडक फोडून टाकी-तळी बांधावीत. आणि झरा आहे म्हणून स्वस्थ बसू नये, कारण लढाईच्या दिवसांत तोफांच्या दणक्याने झरे आटतात. झऱ्यावर भिस्त ठेवू नका, साठवण करा, हे शहाणपण गगनगडाच्या सावलीतील राज्यकर्त्याने तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले. त्याच ग्रंथात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचीही गोष्ट आहे. रयतेने लेकरांसारखी वाढविलेली आंब्या-फणसाची झाडे जुलमाने तोडू नयेत. जीर्ण झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. झाडास हा न्याय लागू पडतो तर झऱ्यास का नाही, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहात नाही. ग्रंथ त्याविषयी काही बोलत नाही.

बोलतात त्या इनामांच्या सनदा. जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप अशी यादी देऊन गाव इनाम दिला जाई, आणि त्या यादीत पाणी बहुधा सर्वांच्या आधी येई. परंतु त्याच वाक्यात ‘खेरीज हक्कदार व इनामदार करून’ अशी मेखही मारलेली असे. इनामदारास पाणी मिळाले खरे, पण आधीपासून ज्यांचा हक्क चालत आला त्यांचा हक्क वगळून. आमच्या जुन्या कारकुनांची ही अर्धी ओळ म्हणजे त्या काळचा पाण्याचा कायदाच होय. हक्कदार कोण, हे मात्र गोतसभेत बसणारेच ठरवीत. ज्यांना त्या सभेत बसावयास जागा नव्हती, त्यांचे पाणी कोणाच्या दयेवर होते हे वेगळे सांगावयास नको.

इंग्रजी अमलात ही अर्धी ओळ जाऊन कलमे आली. १८७९ च्या जमीन महसुलाच्या कायद्याने जे नदी, नाले, तळी कोणा व्यक्तीच्या मालकीचे नाहीत ते सरकारचे ठरविले. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा १८९१ मध्ये मुंबई इलाख्यास लागू झाला. त्याचे म्हणणे असे: वीस वर्षे उघडपणे, तंटा न होता, हक्क म्हणून दुसऱ्याच्या जमिनीतून वहिवाट केली, तर ती वहिवाट हक्कात परिणत होते. येथपर्यंत ठीक. पण सतरावे कलम याला अपवाद सांगते. जे पाणी ओढ्याच्या रूपाने वाहात नाही आणि तळ्याटाक्यात कायमचे साठलेलेही नाही, त्या पृष्ठभागावरील पाण्यावर, तसेच ठरावीक मार्गाने न वाहणाऱ्या भूगर्भातील पाण्यावर, असा वहिवाटीचा हक्क जडत नाही. इंग्लंडच्या सपाट कुरणांतून आलेला हा नियम सह्याद्रीच्या उतारावर आणून ठेवला, की काय होते पाहा. वाडीने दोन पिढ्या एका पाझराचे पाणी भरले. पाझर आहे खातेदाराच्या बांधाआड, त्याचा ओढा होत नाही. खातेदाराने तेथे आपली विहीर खणली आणि पाझर आटला, तर त्या कायद्याने वाडीपाशी सांगण्यासारखे फारच थोडे उरते.

कोल्हापूर हे संस्थान असल्याने येथे १ मार्च १९४९ च्या विलीनीकरणापर्यंत दरबारचे स्वतंत्र कायदे व हुकूम चालत. त्यांतील एकाचा उल्लेख केलाच पाहिजे. १९१९ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी सार्वजनिक विहिरी व पाणवठे अस्पृश्यांस खुले केले. मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांचा ठराव व्हावयास १९२३ साल उजाडले, आणि महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळ भरली ती २० मार्च १९२७ रोजी. पुढे जो दिवाणी दावा झाला, त्याकडे आपण नेहमी समाजसुधारणेच्या अंगाने पाहतो. पण तो मालकीचाही दावा होता. तळे आमचे आहे आणि आमची वहिवाट अनादि आहे, असे वादींचे म्हणणे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अंतिम निकाल दिला: अशी अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाही. वहिवाट हे शस्त्र दुधारी आहे. वाडीला जे पाणी देते, तेच एखाद्याला पाण्यापासून दूरही ठेवू पाहते. म्हणून तिचा गौरव करताना आम्ही जरा बिचकतो.

स्वातंत्र्यानंतर पाणी ग्रामपंचायतीकडे आले. १९५८ च्या कायद्यात गावास पाणी पुरविणे हे पंचायतीचे काम म्हणून नमूद झाले आणि त्यासाठी पाणीपट्टीची तरतूद झाली. सार्वजनिक नळावर भरणाऱ्यांची सामान्य पाणीपट्टी, घरात नळ घेणाऱ्यांची विशेष. या दोन शब्दांबरोबर गावात दोन प्रकारचे ग्राहक निर्माण झाले. आणि घरात नळ मागावयाचा तर घर कोणाचे, हा प्रश्न आला. पंचायत पाहते आकारणीचे रजिस्टर, ज्याला लोक ‘नमुना आठ’ म्हणतात. हे रजिस्टर करवसुलीसाठी आहे, मालकी सिद्ध करण्यासाठी नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले. व्यवहारात मात्र त्यात नाव नसलेल्या घराने नळ मागितला, की मालकीचा पुरावा आणा असे उत्तर मिळते. भावाभावांत वाटणी न झालेले घर, मृत बापाच्या नावावरचे घर, वनखात्याच्या हद्दीतील धनगराचे घर, ही सारी या एका वाक्याशी अडतात.

वरून पाणी आणावयाचे तर वाटेतल्या शेतकऱ्याची जमीन लागते. पिकाच्या पाण्यापुरता तोडगा १९६६ च्या जमीन महसूल संहितेने एकोणपन्नासाव्या कलमात दिला आहे. ज्याचा पाण्यावर हक्क आहे पण मध्ये दुसऱ्याचे रान आहे, त्याने तहसीलदाराकडे अर्ज करावा. शेजाऱ्याची भरपाई ठरते आणि पाटास किंवा नळास वाट मिळते. नळ अर्धा मीटर खोल पुरावा, अशीही अट आहे. आमच्या पाहण्यात एका डोंगरी गावचा नळ असा होता की, तेथे अर्धा मीटर काय, वीतभर माती नव्हती. नळ कातळावरून उघडाच गेलेला, आणि दरसाल मे महिन्यात नेमका एकाच बांधाशी फुटे. भांडण कशाचे हे गावात सर्वांस ठाऊक होते. लेखी कोठेच नव्हते.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर आणि प्रत्येक ग्रामीण कुटुंबास नळ, असे उद्दिष्ट ठेवले. २०२४ ची मुदत पुढे २०२८ पर्यंत वाढली. येथे मोजमापाचा शब्द ‘कुटुंब’ आहे, ‘मालक’ नव्हे, आणि हा बदल लहान नाही. त्याआधी डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितले होते की, अनधिकृत झोपडीत राहणाऱ्यासही पाणी अजिबात नाकारता येणार नाही. जगण्याच्या हक्कात पाणी येते. अधिकृत रहिवाशाइतकाच आणि तसाच पुरवठा त्याला मिळेल असे मात्र न्यायालयाने म्हटले नाही. निकाल मुंबईच्या झोपडपट्टीपुरता होता. गगनबावड्याच्या सड्यावरील धनगराने तो पुढे करून नळ मागावयाचा, तर त्याला प्रथम कोल्हापूरची वाट धरावी लागेल, आणि त्या दिवशीचे पाणी घरात कोण भरणार हे आधी ठरवावे लागेल.