आय-एक्स आणि एक अक्षर

स्थळाचे नाव ही आपल्याकडे नेहमीच वादाची वस्तू राहिली आहे. नामांतर झाले की पाट्या, शिक्के, पाठ्यपुस्तके यथावकाश बदलतात. एक नोंद मात्र सहसा बदलत नाही, ती म्हणजे त्या गावाच्या विमानतळाची तीन रोमन अक्षरे. १९९५ मध्ये बॉम्बेचे अधिकृत नाव मुंबई झाले, पण सामानाच्या चिठ्ठीवर आजही बी-ओ-एम हेच छापले जाते. १९९६ मध्ये चेन्नई झालेल्या शहराची एम-ए-ए ही अक्षरे मद्रासचीच आहेत. १९९१ मध्ये सेंट पीटर्सबर्ग हे जुने नाव परत मिळालेल्या शहराच्या एल-ई-डी या अक्षरांत लेनिनग्राड अजून नांदते आहे.

मोठ्या शहरांची ही उदाहरणे परिचित आहेत. लहान विमानतळांची कथा अधिक विचार करण्याजोगी आहे, कारण तिथे नाव आणि चिन्ह यांचे नाते मुळातच विरळ असते.

या पद्धतीचा उगम अमेरिकेत आहे. तिथल्या हवामान खात्याने आपल्या केंद्रांसाठी दोन अक्षरे ठरवली होती आणि १९३० च्या दशकात विमान कंपन्यांनी तीच उचलली. दोन अक्षरे अपुरी पडू लागल्यावर तिसरे आले. लॉस एंजेलिसच्या एल-ए ला आणि फिनिक्सच्या पी-एच ला नुसता एक्स जोडला गेला. त्या एक्सला काहीही अर्थ नाही, तो रिकाम्या जागेत बसवलेला आहे. पुढे जगभरच्या या अक्षरांचा कारभार १९४५ मध्ये स्थापन झालेल्या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे आला. अक्षरे मिळतात ती मुख्यतः तिथे सेवा देऊ पाहणाऱ्या विमान कंपनीने मागितल्यावर. म्हणजे धावपट्टी असणे पुरेसे नाही, तिकीट विकले जाण्याची शक्यता हवी. वैमानिक आणि नियंत्रक वापरतात ती चार अक्षरे वेगळी. ती टपालाच्या पत्त्यासारखी प्रदेशावरून उतरत येतात. व्ही-ए-ए-यू मधील पहिल्या दोन अक्षरांवरून पश्चिम भारत कळतो, उरलेल्या दोघांवरून औरंगाबाद.

तीन अक्षरांच्या एकूण जुळण्या १७,५७६ होतात. संख्या मोठी वाटते, पण प्रत्येक गावाला आपल्या नावासारखी जुळणी हवी असते आणि तशा जुळण्या थोड्या असतात. भारतातील अनेक लहान विमानतळ म्हणूनच आय-एक्स या मालिकेत दिसतात. पहिली दोन अक्षरे सर्वांना सारखी, गावाच्या वाट्याला एकच. एका मालिकेत जास्तीत जास्त सव्वीस गावे मावणार, त्यामुळे आद्याक्षर सर्वांना मिळणे अशक्य. आय-एक्स-ए आगरतळ्याचे आहे, म्हणून औरंगाबादकडे यू आणि अलाहाबादकडे डी. आय-एक्स-बी बागडोगऱ्याचे, बेळगावकडे जी. आय-एक्स-एम मदुराईचे, मंगळूरकडे ई. आय-एक्स-जे जम्मूचे, तर जमशेदपूरकडे त्याच्या नावात कुठेही नसलेला डब्ल्यू.

आता या यादीवर नामांतरांचा इतिहास ठेवून पाहावा. २०१४ मध्ये बेळगावचे बेळगावी आणि मंगळूरचे मंगळूरु झाले, २०१८ मध्ये अलाहाबादचे प्रयागराज, २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर. रोमन लिपीत ही नवी नावे लिहिली की बेळगावीत जी शिल्लक राहतो. प्रयागराजमध्ये मात्र डी नाही आणि छत्रपती संभाजीनगरमध्ये यू नाही. मंगळूरचा ई तर इंग्रजांच्या लेखनात शब्दाच्या शेवटी येणारा, उच्चारात कधीच न ऐकू येणारा होता. नव्या लेखनातून तो गेला, परंतु नोंदीत तोच उरला. जे अक्षर कुणी कधी उच्चारले नाही, ते गावाचे प्रतिनिधी झाले!

चिन्हक आणि चिन्हित यांचे नाते यादृच्छिक असते, हे सोस्यूरचे प्रतिपादन १९१६ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतून आपल्यापर्यंत आले. हे चिन्ह एकट्या व्यक्तीला मनाप्रमाणे बदलता येत नाही, हेही तो सांगतो. विमानतळांची अक्षरे याचा ठसठशीत नमुना आहेत. अमेरिकेतील सू सिटी या लहान शहराच्या वाट्याला एस-यू-एक्स ही अक्षरे आली. ती सलग वाचली की इंग्रजीत हेटाळणीचा शब्द ऐकू येतो. १९८८ आणि २००२ मध्ये ती बदलून घेण्याचे प्रयत्न झाले. समोर आलेले पर्याय पसंत पडले नाहीत, आणि शेवटी शहराने तीच अक्षरे टोप्यांवर आणि सदऱ्यांवर छापून मिरवली.

अक्षरे सहजी न बदलण्याचे कारण व्यावहारिक आहे. ती जगभरच्या आरक्षणांत आणि सामानाच्या व्यवस्थेत गुंतलेली असतात, म्हणून एकदा दिलेली अक्षरे कायमची मानली जातात आणि बदलासाठी सुरक्षिततेसारखे सबळ कारण लागते. अस्मिता हे तसे कारण ठरत नाही. त्यामुळे नामांतराच्या राजकारणाला न जुमानणारे एक दफ्तर नकळत तयार झाले आहे. मुंबईच्या बी-ओ-एम मध्ये जुने नाव सरळ वाचता येते, त्यावर रागावता येते किंवा हळवे होता येते. आय-एक्स-यू मध्ये मात्र जुन्या नावाचे एकच अक्षर आहे, आणि ते ओळखायला जुने नाव आधी ठाऊक असावे लागते. ते ठाऊक असणारी पिढी संपली की यू तेवढा राहील, कशाचा ते विचारणारा कुणी असला तर.