पिल्सेनच्या चौकातील पिपे



बिअरच्या इतिहासावर बोलण्यास कामगार चळवळीतील माणूस उभा राहिला, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. पगाराच्या दिवशी गुत्त्याच्या वाटेवर नवऱ्याची वाट अडवून उभ्या राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. तेव्हा मद्याचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. परंतु आज पुण्यामुंबईच्या लहान मद्यशाळांतूनही ‘पिल्सनर’ या नावाने जी बिअर मिळते, त्या नावामागे एका गावाची हकीकत आहे, आणि त्या हकीकतीत श्रमाचा हिशेब दडलेला आहे. तो मांडावा, एवढाच हेतू.

पिल्सेन हे बोहेमियातील, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील शहर. 1295 साली राजा दुसरा वाच्लाव याने ते वसवले आणि तेथील घरमालकांस बिअर करण्याचा हक्क दिला. आपल्याकडे वतन घराण्याला चिकटलेले असे. तेथे हा हक्क घराला चिकटलेला होता. घर गेले की हक्कही गेला. भाडेकरू, गडीमाणसे, शिकाऊ कारागीर यांना तो कधीच नव्हता. म्हणून ‘पिल्सेनच्या नागरिकांनी बिअर केली’ असे वाक्य वाचताना नागरिक म्हणजे कोण, हे आपण विचारले पाहिजे.

शतकानुशतके ही बिअर जुन्या पद्धतीने होत असे. त्या पद्धतीत किण्व उबेत काम करते व फेसाबरोबर वर येते. काम लवकर उरकते, पण माल आंबून बिघडण्याची धास्ती मोठी. 1838 साली अशी बिघडलेली 36 पिपे नगरभवनासमोरच्या चौकात ओतून देण्यात आली, असे सांगतात. त्याच सुमारास शेजारच्या बव्हेरियातून थंडीत मुरवलेली, टिकाऊ बिअर येऊ लागली होती. लोकांची जीभ तिकडे वळली आणि घरमालकांचा धंदा बसू लागला. अखेर 1839 साली त्यांनी ठरवले की, प्रत्येकाने वेगळी धडपड करण्यापेक्षा सर्वांची मिळून एक नवी बिअरशाळा बांधावी. संकटाने एकट्यादुकट्याला एकत्र आणले, ही गोष्ट आम्हा संघटनेच्या माणसांना ओळखीची आहे.

नव्या शाळेसाठी त्यांनी बव्हेरियातील फिल्सहोफेन गावचा योसेफ ग्रोल हा कारागीर बोलावला. त्याचे वय 29. ग्रोलने आपल्या मुलखाची रीत आणली. या रीतीत किण्व थंडीत सावकाश काम करते व तळाशी बसते. मग बिअर कित्येक आठवडे थंड तळघरात मुरत ठेवावी लागते. त्यासाठी वालुकाश्मात तळघरे खोदली गेली आणि हिवाळ्यात साठवलेल्या बर्फाने ती थंड राखली गेली. सातू वाळवण्याची भट्टी इंग्लंडच्या धर्तीची होती. तीत जाळाचा धूर धान्याला न लागता गरम हवेने ते वाळे, त्यामुळे त्याचा रंग फिका राही. झाटेत्स भागातील सुगंधी हॉप्स जवळच मिळत. पाणी पिल्सेनचेच, आणि अतिशय मृदू. पाण्यात क्षार कमी असल्याने हॉप्सचा कडवटपणा जिभेला बोचत नाही.

5 ऑक्टोबर 1842 रोजी पहिला घाणा लागला आणि 11 नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या सणाला, गावाने तो चाखला. तोवर बिअर म्हणजे काळपट, गढूळ पेय. येथे पेल्यात सोनेरी, स्वच्छ रस, वर पांढरा दाट फेस. पहिल्या घोटाला सातूचा गोडवा, मागाहून येणारा कडवटपणा. रीत बव्हेरियाची, भट्टी इंग्रजी, पाणी आणि पीक बोहेमियाचे. ज्या वस्तूवर गावाने पुढे अभिमानाने आपले नाव घातले, ती अशी तीन ठिकाणच्या ज्ञानातून घडली होती.

आता ग्रोलचे काय झाले ते ऐका. 1845 साली त्याचा करार संपला आणि मालकांनी तो पुढे चालवला नाही. तो आपल्या गावी परतला व 1887 साली तेथेच वारला. इकडे पिल्सेनची बिअर जगभर गेली, तिची नक्कल सर्वत्र झाली, आणि 1898 साली मालकांना ‘मूळ झऱ्याची पिल्सनर’ अशा अर्थाचे ‘पिल्सनर उर्केल’ हे नाव नोंदवून घ्यावे लागले. नाव नोंदले ते मालाचे, हातांचे नव्हे. ग्रोलचे नाव निदान उरले तरी; पिपांना राळ लावणारे, बर्फ कापून वाहणारे, तळघरे खोदणारे यांची नावे कोण सांगणार?

दुसऱ्या महायुद्धानंतर बिअरशाळा सरकारी झाली आणि राज्य कामगारांच्या नावाने चालू लागले. आम्हा लोकांना येथेच थांबून गोष्ट गोड करावीशी वाटते. पण 1953 साली त्या सरकारने चलन बदलले. 300 क्राऊनपर्यंतची शिल्लक रोकड पाचास एक या दराने आणि त्यावरची पन्नासास एक या दराने बदलून मिळाली. गरिबाची पुंजी एका रात्रीत वितळली. 1 जून रोजी पिल्सेनच्या श्कोडा कारखान्याचे कामगार रस्त्यावर आले, त्यांनी नगरभवन ताब्यात घेतले आणि सत्ताधाऱ्यांच्या तसबिरी व पुतळे खिडक्यांतून खाली फेकले. चौक तोच, जेथे पिपे ओतल्याचे सांगतात. उठाव मोडला गेला, शेकड्यांनी लोकांना शिक्षा झाल्या.

पुढे बिअरशाळा पुन्हा खाजगी झाली; 1999 साली ती दक्षिण आफ्रिकेच्या कंपनीकडे आणि 2017 साली जपानच्या असाही कंपनीकडे गेली. मालक बदलत गेले. पाणी व झाटेत्सचे हॉप्स तेच राहिले.

बंधुभगिनींनो, वाईट माल चौकात ओतण्याचे धैर्य ज्या गावाने दाखवले, असे आपण कौतुकाने म्हणतो, त्याच गावच्या कामगारांनी वाईट कारभारही खिडकीबाहेर टाकून पाहिला. पहिल्या प्रसंगाची आठवण बाटलीबरोबर जगभर विकली जाते. दुसऱ्याची आठवण आपण ठेवावी, इतकीच विनंती करून मी आपली रजा घेतो.