गिटारची गीतसाथ : स्वरसंघात व भरणसूर

गीताच्या साथीला गिटारवर स्वरसंघात आणि त्यांना जोडणाऱ्या छोट्या स्वरावली एकाच वेळी वाजविण्याची पद्धती. निरनिराळ्या तारांवरील तीन वा अधिक स्वर एकत्र छेडले असता स्वरसंघात सिद्ध होतो. त्यालाच कॉर्ड म्हणतात. षड्ज, गांधार व पंचम हा त्याचा मूळ साचा होय. गायकाच्या दोन चरणांमधील जागा ज्या स्वरावलीने भरली जाते, तिला फिल किंवा भरणसूर म्हणता येईल. ख्यालगायनात सारंगीवादक गायकाच्या विरामात जे करतो, त्याच्याशी तिचे कार्य जुळते. मात्र गिटारवादकाला त्याच हातांनी संघातही सांभाळावा लागतो. त्यामुळे या साथीचा इतिहास हा मुख्यतः संघात आणि चाल यांच्या ताटातुटीचा व पुनर्मीलनाचा इतिहास आहे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये पाच तारजोड्यांची गिटार लोकप्रिय झाली. कॅटलन वैद्य होआन कार्लोस आमात यांनी 1596 मध्ये बार्सेलोना येथे प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत बारा तीव्र व बारा कोमल स्वरसंघातांना अंक दिले. फ्लॉरेन्स येथे 1606 मध्ये जिरोलामो माँतेसार्दो यांनी संघातांसाठी अक्षरे योजली. या खुणांमुळे स्वरलेखन न शिकलेल्या हौशी माणसालाही गाण्याला साथ देता येऊ लागली. हा लाभ मोठा होता. परंतु केवळ तारा झंकारणाऱ्या या वादनातून चाल नाहीशी झाली. सु. 1630 मध्ये जोव्हान्नी पाओलो फोस्कारिनी यांनी झंकार आणि सुट्या तारांचे छेडणे यांची मिश्रशैली मांडली. गास्पार सान्स यांच्या 1674 मधील सारागोसा येथील ग्रंथातही दोन्ही अंगांचे शिक्षण आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सहा एकेरी तारांची गिटार रूढ झाली.

अमेरिकेतील लोकगीतांच्या साथीत याच प्रश्नाला वेगळे उत्तर मिळाले. मेबेल कार्टर (1909–78) अंगठ्याने खर्जाच्या तारांवर चाल वाजवीत आणि तर्जनीने वरच्या तारांवर संघाताचा ठेका धरीत. कार्टर कुटुंबाच्या 1927 पासूनच्या ध्वनिमुद्रिकांमुळे ही शैली सर्वत्र पोहोचली. ए. पी. कार्टर यांच्या गीतसंकलनाच्या दौऱ्यांत कृष्णवर्णीय गिटारवादक लेस्ली रिडल सोबत असत. कार्टर शब्द टिपून घेत व रिडल चाली कानात साठवीत. ध्वनिमुद्रिकांवर मात्र नाव कार्टर कुटुंबाचे राहिले. रिडल यांचे श्रेय दीर्घकाळ झाकलेले होते.

मंदगती भावगीतात या मिश्रशैलीचा विशेष विकास 1960 नंतर झाला. शिकागोचे कर्टिस मेफील्ड (1942–99) स्वयंशिक्षित होते. पियानोच्या काळ्या पट्ट्यांना अनुसरून त्यांनी गिटारच्या तारा एफ शार्प संघातात जुळविल्या होत्या. त्यांच्या हळुवार भरणसुरांचा प्रभाव जिमी हेंड्रिक्स (1942–70) यांच्यावर पडला. हेंड्रिक्स यांचे 1967 मधील ‘लिटल विंग’ हे जेमतेम अडीच मिनिटांचे गीत या शैलीचा आदर्श मानले जाते. अंगठा दांडीवरून वळवून ते खर्जाचा स्वर दाबीत. त्यामुळे उरलेली बोटे मोकळी राहत. संघातातील एक स्वर धरलेला असतानाच त्याच तारेवर पुढच्या पडद्यावर दुसरे बोट आपटून, ते उचलून अथवा सरकवून भरणसूर निघतात.

शिकणाऱ्याची अडचण बहुधा याच टप्प्यावर येते. बोटे कोठे ठेवावीत हे दाखविणारी टॅब्लेचर ही लेखनपद्धती सोळाव्या शतकातही होती. परंतु तो स्वर तेथे का आला, हे ती सांगत नाही. तीव्र संघातावरील भरणसूर बहुधा त्या संघाताच्या मूळ स्वराला षड्ज मानून सा, रे, ग, प, ध यांतून, म्हणजे भूपाच्या स्वरांतून, घेतलेले असतात. संघात बदलला, की षड्जही बदलतो. म्हणून प्रथम प्रत्येक संघाताचे दांडीवरील दोनतीन आकार, नंतर त्यांभोवतीचे स्वर आणि शेवटी गायकाच्या विरामाचे भान असा क्रम उपयुक्त ठरतो. गीताचा चरण चालू असताना आलेला भरणसूर कितीही सफाईदार असला, तरी साथीचा दोषच ठरतो. कारण साथीचे प्रयोजन गीत ऐकू येणे हे आहे.