गिमवीचा रोग आणि टोपीसारखा शंख

१/ जळकोटच्या तळ्याकाठी चपट्या वेटोळ्याचा शंख दिसला, तर तो इंडोप्लॅनॉर्बिस. टोकदार, उंच कळसाचा असेल, तर लिम्निया. हे वर्गीकरण केवळ हौसेचे नाही.

२/ १९५२ साली रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात शिस्टोसोमा कृमीचा रोग आढळला. लघवीतून रक्त जाणे हे त्याचे लक्षण. ही कृमी आधी गोड्या पाण्यातील गोगलगायीत वाढते, मग माणसाच्या त्वचेतून शरीरात शिरते.

३/ आफ्रिकेतील तिची वाहक बुलिनस भारतात नाही. मग येथे वाहक कोण? संशोधक गाडगीळ आणि शाह यांनी बोट ठेवले फेरिसिया टेनुइसवर: वळसे नसलेला, टोपीसारखा, काही मिलिमीटरचा शंख.

४/ वाहक ठरावीक असतो. म्हणूनच कोणती गोगलगाय कुठे राहते, याची नोंद हा रोगाच्या संभाव्य वाटांचाही नकाशा ठरतो.