मधुमेहाची औषधे आणि अचानक येणारी धडधड: पॅनिक अटॅक की साखर कमी होणे?

“गोळी बदलल्यापासून मधेच छातीत धडधडतं, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, आता आपलं काही खरं नाही असं वाटतं.” मधुमेहाच्या रुग्णांकडून ही तक्रार वरचेवर ऐकायला मिळते. घरचे म्हणतात, “टेन्शन घेऊ नकोस.” काही जण ओळखीच्या दुकानातून झोपेची गोळी आणून देतात. पण तुम्ही मधुमेहाचे औषध घेत असाल, तर अशा वेळी पहिली गोष्ट एकच करायची: रक्तातील साखर तपासायची. त्रासाला नाव त्यानंतर द्यायचे.

औषधामुळे पॅनिक अटॅक येतो का?

मधुमेहाची औषधे सहसा थेट पॅनिक अटॅक आणत नाहीत. मात्र काही औषधांमुळे साखर गरजेपेक्षा खाली जाते. मेंदूला साखर कमी पडू लागली की शरीर ती वाढवण्यासाठी ॲड्रेनालिन सोडते. धडधड, थरथर, घाम आणि भीती ही त्याचीच लक्षणे आहेत. पॅनिक अटॅकमध्येही हेच ॲड्रेनालिन वाढते. म्हणून नुसत्या अनुभवावरून दोन्हींतला फरक सांगणे रुग्णालाच काय, डॉक्टरांनाही अवघड जाते.

काही खुणा साखर कमी झाल्याकडे बोट दाखवतात: कडकडून भूक, अंधुक दिसणे, बोलणे अडखळणे, गोंधळल्यासारखे किंवा विनाकारण चिडचिडे वागणे. रात्री साखर उतरली तर भीतीदायक स्वप्ने पडतात, उशी घामाने भिजते, सकाळी डोके दुखते. पॅनिक अटॅकमध्ये भीती काही मिनिटांतच टोकाला जाते, श्वास जलद होतो, ओठांभोवती व बोटांना मुंग्या येतात. तरीही खात्री ग्लुकोमीटरच देतो.

कोणत्या औषधांनी साखर जास्त उतरते?

- इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटातील गोळ्या: यांत धोका सर्वाधिक.
- मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन: ही एकेकटी घेतल्यास साखर धोकादायक पातळीवर क्वचितच उतरते. पण आपल्याकडे बऱ्याचदा एकाच गोळीत दोन-तीन औषधे असतात. ‘मी फक्त मेटफॉर्मिन घेतो’ असे वाटणाऱ्याच्या गोळीत ग्लिमेपिराइडही असू शकते. पाकिटावरील सर्व नावे वाचा.

गोळी तीच असूनही त्रास नव्याने सुरू होऊ शकतो. जेवण चुकणे, एकादशी-चतुर्थीचा उपवास किंवा रोजा, नेहमीपेक्षा जास्त श्रम, दारू, उलट्या-जुलाब, वजन कमी होणे, मूत्रपिंडाचे काम मंदावणे ही त्यामागची नेहमीची कारणे. लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या काही अँटिबायोटिक्समुळेही या गोळ्या घेणाऱ्यांची साखर खाली येऊ शकते.

झटका आला तर काय करावे?

१. बसा. गाडी चालवत असाल तर बाजूला थांबवा.

२. हात धुऊन साखर तपासा. बोटाला फळाचा रस किंवा साखर लागलेली असेल तर आकडा खोटा वाढलेला येतो.

३. आकडा ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर लगेच सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घ्या; म्हणजे तीन-चार लहान चमचे, पाण्यात विरघळवून. पेढा, चॉकलेट किंवा आइस्क्रीम नको. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात हळू पोहोचते.

४. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजूनही ७०च्या खाली असेल तर तेवढेच पुन्हा घ्या.

५. साखर वर आल्यावर पोळी, भात किंवा बिस्किटे असे काही खा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आकडा ५४च्या खाली गेला असेल तर तो गंभीर इशारा समजा.

ग्लुकोमीटर जवळ नसेल तर साखर कमी झाली असे धरूनच उपचार करा. एकदा साखर जास्त खाल्ल्याने होणारे नुकसान किरकोळ असते. उतरलेली साखर तशीच राहिली तर जीवावर बेतू शकते.

तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर घरची साखर लवकर काम करत नाही, कारण तिचे पचनच हे औषध मंदावते. अशांनी ग्लुकोज पावडर जवळ ठेवावी.

साखर नॉर्मल आली तर?

यात तीन शक्यता आहेत. पहिली, अनेक महिने साखर ३०० च्या आसपास असलेल्या व्यक्तीची साखर उपचाराने झपाट्याने खाली आली, तर १२०-१३० वरही शरीराला ती कमी वाटते आणि तीच लक्षणे दिसतात. काही आठवड्यांत शरीर सरावते.

दुसरी, खरोखरच पॅनिक अटॅक. मधुमेह असलेल्यांमध्ये चिंतेचे विकार तुलनेने जास्त आढळतात, आणि एकदा साखर उतरून घाबरलेल्या माणसाच्या मनात ‘पुन्हा होईल’ ही भीती घर करते. मग प्रत्येक धडधडीला साखर खाल्ली जाते, तीन महिन्यांची सरासरी वाढते, गोळीचा डोस वाढतो आणि साखर खरीच उतरू लागते. तपासलेला आकडा हे चक्र तोडतो. पॅनिक अटॅकवर समुपदेशन आणि औषधे, दोन्हींचा चांगला उपयोग होतो. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेशी १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

तिसरी शक्यता हृदयविकार, थायरॉइड किंवा रक्तक्षय यांची. मधुमेहात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. म्हणून पहिल्याच वेळी ‘घाबरला असेल’ म्हणून सोडून देऊ नका. ईसीजी करून घ्या.

ताबडतोब रुग्णालयात केव्हा?

- बेशुद्धी, झटके येणे किंवा गिळता न येणे. तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा, १०८ला फोन करा.
- छातीत दडपण, दम लागणे, एका बाजूची शक्ती जाणे.
- दोनदा साखर देऊनही आकडा वर न येणे.
- ग्लिमेपिराइडच्या गटातील गोळ्या घेणाऱ्या वृद्ध किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाची साखर उतरणे. ती एकदा सुधारून काही तासांनी पुन्हा खाली जाऊ शकते.

डॉक्टरांकडे जाताना

एका वहीत लिहा: झटक्याची वेळ, त्या वेळचा आकडा, शेवटचे जेवण, गोळीची वेळ, आणि साखर घेतल्यावर किती मिनिटांत बरे वाटले. सोबत सगळी औषधे न्या, रक्तदाबाचीही. प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या धडधड आणि थरथर झाकतात. तेव्हा केवळ घाम हीच खूण उरते. मधुमेह बरीच वर्षे जुना असेल तर कधी कधी काहीच जाणवत नाही.

मधुमेहाचे औषध स्वतःहून कायमचे बंद करू नका. मात्र साखर ७०च्या खाली असताना पुढचा डोस घेण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करा. बहुतेक वेळा डोस कमी करून, वेळ बदलून किंवा गोळी बदलून हा त्रास थांबतो.

घरच्यांसाठी एवढेच: ‘घाबरू नकोस’ म्हणण्याआधी ग्लुकोमीटर आणा.