नेमणूक कोणाच्या हाती, प्रतिनिधी कोणाचा?

नांदेड जिल्ह्यातील बिलोली हे तेलंगणाच्या सीमेवरचे तालुक्याचे ठिकाण. मांजरा नदीवरील येसगीचा पूल ओलांडला की पलीकडे बोधन. मोठे कारखाने, माहिती तंत्रज्ञानाची संकुले किंवा मनुष्यबळ विभागांची झगमगाट असलेली कार्यालये येथे नाहीत. तथापि महाराष्ट्रात माणूस कामावर कसा घेतला जातो आणि त्याच्या वतीने मालकाशी कोण बोलतो, हे समजून घ्यायचे असेल, तर अशा गावाइतके सोयीचे ठिकाण सापडणे कठीण. एसटीचे आगार, बाजार समितीचे आवार, साखर कारखाना आणि ऊसतोडीसाठी बाहेरगावी जाणाऱ्या टोळ्या अशा नोकरभरतीच्या चार तऱ्हा या परिसरात शेजारी शेजारी दिसतात. त्यांची तुलना केली असता एक गोष्ट स्पष्ट होते. माणसाला कामावर घेणारा हात जितका मालकापासून दूर, तितका त्या माणसाचा आवाज मालकापर्यंत पोहोचणे अवघड.

जॉबर ते मुकादम

मध्यस्थामार्फत भरती ही आपल्याकडील जुनी पद्धत होय. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगार घेण्याचे काम जॉबर करीत असे. गावचा, नात्याचा किंवा जातीचा माणूस त्याच्या ओळखीने खात्यात लागे आणि त्या उपकारापोटी त्याचा मिंधा राही. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर टीका केली आणि भरती जॉबरच्या हातून काढून घेण्याची शिफारस केली. पुढे गिरण्यांत कामगार अधिकारी आले, बदली कामगारांच्या नोंदी होऊ लागल्या आणि जॉबरची सत्ता हळूहळू ओसरली.

त्या काळी बिलोली निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. नांदेडला उस्मानशाही मिल आणि बोधनला १९३७ मध्ये स्थापन झालेला निजाम साखर कारखाना ही या भागातील संघटित रोजगाराची मोठी ठिकाणे. ब्रिटिश हिंदुस्थानातील १९२६ चा कामगार संघटना कायदा संस्थानाला लागू नव्हता. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर केंद्रीय कामगार कायदे टप्प्याटप्प्याने येथे लागू झाले. संघटनेचा कायदेशीर हक्क मराठवाड्याच्या कामगाराला मुंबईच्या कामगारापेक्षा उशिरा मिळाला, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

एकाच कारखान्यातील चार पायऱ्या

बिलोली तालुक्यात शंकरनगर येथे गोदावरी मनार सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कोणत्याही सहकारी साखर कारखान्यात कामगारांच्या चार पायऱ्या आढळतात. पहिली कायम कामगारांची. त्यांच्याजवळ नेमणुकीचा आदेश असतो, नाव हजेरीपटावर असते आणि वेतन कारखानदार, कामगार संघटना व शासन यांच्या त्रिपक्षीय समितीतील कराराने ठरते. दुसरी पायरी हंगामी कामगारांची. गाळप संपले की त्यांना घरी बसावे लागते. परंतु पुढील हंगामात परत येण्याचा त्यांचा हक्क मान्य असतो आणि मधल्या काळासाठी रिटेन्शन भत्ता मिळतो. तिसरी पायरी ठेकेदाराच्या माणसांची. चौथ्या पायरीवर असतो ऊस तोडणारा मजूर.

वस्तुतः त्याने तोडलेल्या उसाशिवाय गव्हाणीत एक मोळीही पडणार नाही. तरीही कारखान्याच्या दप्तरी त्याचे नाव नसते. कारखाना करार करतो तो तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी, ठेकेदार मुकादमाशी आणि मुकादम मजुराशी. मुकादम हंगामाआधी उचल देतो. बहुधा नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल त्या जोडीच्या नावावर असली तरी हिशेब पुरुषाच्या हाती जातो. बाईच्या श्रमाची स्वतंत्र नोंद कोठेच राहत नाही. उचल फिटेपर्यंत मजूर बांधलेला. अपघात झाला, मजुरी बुडाली किंवा फडातच बाळंतपण आले, तर दाद मागायची कोणाकडे? कारखाना म्हणतो हा आमचा कामगार नव्हे, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्या मुकादमाकडूनच पुढच्या वर्षीची उचल घ्यायची असते.

तोडणीचे दर साखर संघ आणि ऊसतोड मजूर संघटना यांच्यातील कराराने ठरण्याची प्रथा आहे. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार व पंकजा मुंडे यांच्या लवादाच्या बैठकीत दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. ही सामूहिक सौदाशक्तीच होय. परंतु त्याच करारात मुकादमाचे कमिशनही वाढले. दर वाढला, मध्यस्थ मात्र जागेवरच राहिला. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळामुळे नोंदणी आणि ओळखपत्राची वाट खुली झाली, हे खरे. पण ओळखपत्र म्हणजे नेमणूकपत्र नव्हे.

माथाडीचा मार्ग

मध्यस्थाला दूर सारून भरती आणि प्रतिनिधित्व यांची सांगड घालण्याचा सर्वांत मोलाचा प्रयोग महाराष्ट्रातच झाला. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. एकाच दिवशी दहा व्यापाऱ्यांचा माल उतरवणाऱ्या हमालाचा मालक नेमका कोण, हा प्रश्न जुन्या कायद्यांना सुटत नव्हता. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत उभारलेल्या लढ्यानंतर १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने हमालांना संघटित केले.

या कायद्याची रचना साधी आहे. मालक आणि कामगार या दोहोंची नोंदणी मंडळाकडे होते. काम टोळीला दिले जाते. मालक मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात भरतो. मंडळ मजुरी कामगाराला देते आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस, औषधोपचार यांची तजवीज करते. मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात, शासनाचे एक तृतीयांशापेक्षा अधिक नसतात. म्हणजे जे मंडळ काम देते, त्याच मंडळात कामगाराचा प्रतिनिधी बसतो. १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठीही याच धर्तीचा कायदा करण्यात आला.

बाजार समितीतही हमालाला एक जागा आहे. १९६३ च्या कृषी उत्पन्न बाजार कायद्यानुसार संचालक मंडळावर हमाल-मापाडी मतदारसंघातून एक संचालक निवडून येतो. अठरांतला एक म्हणजे अल्पमत खरेच. पण हमालीचा दर आणि तोलाई यांवर चर्चा होते त्या टेबलाशी त्याला खुर्ची असते. मात्र मत देता येते ते परवानाधारकालाच. हंगामात सीमेपलीकडून आलेला किंवा परवान्याविना राबणारा हमाल येथेही यादीबाहेर राहतो.

आगारातील झाडूवाला

चौथे उदाहरण एसटीचे. बिलोलीला महामंडळाचे आगार आहे. चालक-वाहकांची भरती जाहिरात, चाचणी आणि निवड यादी यांतून होते. संघटना जुन्या आणि बळकट आहेत. पण याच महामंडळात बसगाड्या साफ करणाऱ्यांना अनेक वर्षे रोजंदारीवर राबवून घेतल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कास्ट्राइब राज्य परिवहन कर्मचारी संघटनेने ते लढवले. राज्याच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंध कायद्यात, कायमपणाचे लाभ नाकारण्याच्या हेतूने कामगाराला वर्षानुवर्षे बदली वा तात्पुरता ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा ठरवण्यात आली. २००६ च्या उमादेवी निकालात सर्वोच्च न्यायालयाने, रीतसर निवडीविना लागलेल्यांना सरकारी सेवेत कायम होण्याचा हक्क नाही, असे म्हटले होते. त्याच निकालाचा आधार महामंडळाने घेतला. २००९ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले, की उमादेवी निकालामुळे अनुचित प्रथेविरुद्ध औद्योगिक न्यायालयाला असलेले अधिकार संपत नाहीत. मात्र पदच अस्तित्वात नसेल तर कायम करण्याचा आदेश देता येणार नाही. रोजंदारीवरच्या माणसाचे गाऱ्हाणे संघटनेने हाती घेतले, म्हणून ते न्यायालयात टिकले.

संघटना असणे आणि ती आपली वाटणे यांत मात्र अंतर असते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्यामागे उभे राहिले. पण १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यानुसार प्रातिनिधिक संघटना होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. वाटाघाटीचा अधिकार एकाकडे आणि कामगार दुसऱ्याकडे, या पेचाची किंमत कामगारांनी मोजली. २०२१-२२ च्या एसटी संपातही संघटनांच्या कृती समितीने माघार घेतल्यानंतर बहुसंख्य कर्मचारी विलीनीकरणाच्या मागणीवर ठाम राहिले. एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने कामावर परतण्याची मुदत दिल्यावर तो संप मिटला.

नव्या संहितांनी काय बदलले?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता अमलात आल्या. त्यांतील तीन तरतुदी नोकरीच्या शोधात असलेल्या प्रत्येकाने जाणून घ्याव्यात. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक झाले आहे. मुदतीच्या करारावर घेतलेल्या कामगाराला, त्याच स्वरूपाचे काम करणाऱ्या कायम कामगाराइतके वेतन आणि लाभ मिळाले पाहिजेत. एक वर्षाच्या सेवेनंतर तो ग्रॅच्युइटीस पात्र ठरतो. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असली पाहिजे. तीत मालक व कामगार यांचे सदस्य समसमान, एकूण दहापेक्षा अधिक नाहीत आणि स्त्रियांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात स्थान असावे लागते.

वाटाघाटीसाठी, हजेरीपटावरील ५१ टक्के कामगार जिच्या मागे असतील, ती संघटना एकमेव मानली जाते. तशी कोणतीच नसेल तर किमान २० टक्के सभासद असलेल्या संघटनांची परिषद बनते. येथे ‘हजेरीपटावरील’ हा शब्द महत्त्वाचा. ठेकेदाराचा माणूस मूळ मालकाच्या हजेरीपटावर नसतो, म्हणून तो या मोजदादीतही नसतो. मुख्य स्वरूपाच्या कामात कंत्राटी कामगार ठेवण्यास संहितेने मनाई केली आहे. पण तिला अपवाद आहेत आणि कोणते काम मुख्य व कोणते पूरक, यावरच यापुढे वाद झडतील.

हा प्रश्न केवळ फडातल्या कोयत्याचा नाही. ६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य शासनाने नऊ खासगी संस्थांमार्फत बाह्यस्रोतातून मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला, तेव्हा स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले रस्त्यावर उतरली. ऑक्टोबरमध्ये तो निर्णय रद्द झाला. मुलांची भीती अनाठायी नव्हती. संगणकासमोर बसलेला कंत्राटी लिपिक आणि उसाच्या फडातला मजूर यांच्या कामात कितीही अंतर असले, तरी दोघांनाही कामावर घेणारा एक आणि काम करवून घेणारा दुसराच असतो.

म्हणून नोकरी स्वीकारताना पगाराच्या आकड्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. नेमणूकपत्रावर सही कोणाची, आपले नाव कोणाच्या हजेरीपटावर आणि तक्रार समितीत आपल्यासारख्या कामगाराला मत आहे की नाही. हमालाला हे हक्क मिळवून देणारा कायदा याच राज्याने १९६९ मध्ये करून दाखवला. ऊसतोड मजुराला असे मंडळ मिळू नये, असे कोणतेही तत्त्व आडवे येत नाही. आडवी येते ती मुकादमाची उचल, आणि ती देणारा दुसरा कोणी अद्याप पुढे आलेला नाही.