७५० पैकी २८२

सध्या आपल्याकडे सत्कारांचा हंगाम सुरू आहे. दहावीचा निकाल लागला आणि तेव्हापासून मी गुणवंतांच्या सत्काराचे किती कार्यक्रम कव्हर केले याचा हिशेब ठेवायचं सोडून दिलंय. पतसंस्था, समाज मंडळं, क्लासवाले, इच्छुक उमेदवार, सगळ्यांचे कार्यक्रम. शाल, श्रीफळ, ट्रॉफी आणि पाहुण्यांचं भाषण. भाषणात एपीजे अब्दुल कलाम येतातच.

यात वाईट काही नाही. पोरांनी वर्षभर मान मोडून अभ्यास केलेला असतो. आपल्या गावात त्यांचं नाव माईकवरून पुकारलं जावं, आईबापांनी ते ऐकावं, यात गैर काय? मी स्वतः असे फोटो हौसेने छापतो.

पण गेल्या रविवारचा एक प्रसंग डोक्यातून जात नाही. कार्यक्रम कुणाचा ते महत्त्वाचं नाही. अट होती ८५ टक्क्यांच्या वरची. दाराशी नावनोंदणीच्या टेबलाजवळ बाजार समितीत हमाली करणारे एक काका उभे होते, सोबत मुलगी. मुलीला ५८ टक्के. काका म्हणाले, "साहेब, आमच्या आख्ख्या वस्तीत दहावी झालेली ही पहिलीच पोरगी. हिचं नाव घ्याल का?" टेबलावरचा कार्यकर्ता तसा सभ्य होता. म्हणाला, "काका, यादी फायनल झालीय." मुलगी वडिलांची बाही ओढत होती, चला म्हणून. मी तिथेच कॅमेरा घेऊन उभा होतो. मीही काही बोललो नाही.

रात्री बातमी टाइप करून पाठवली आणि मग मुंबईतला शंभरेक वर्षांपूर्वीचा एक सत्कार आठवत बसलो. त्याच्याबद्दल लिहायचंय. पण आधी तेव्हा मॅट्रिक म्हणजे काय चीज होती ते थोडं सांगतो.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. त्याची पहिली मॅट्रिक झाली १८५९ साली. महादेव गोविंद रानडे त्या पहिल्या तुकडीतले. तेव्हा बोर्ड वगैरे नव्हतं, विद्यापीठच मॅट्रिकची परीक्षा घ्यायचं आणि पास झालेल्याला कॉलेजचं दार उघडायचं. बसलेल्यांतले बरेचसे नापासच व्हायचे. त्यामुळे नुसतं पास होणं ही बातमी होती आणि 'नॉन-मॅट्रिक' हासुद्धा एक दर्जा होता. आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत लग्नाच्या बोलणीत हा शब्द अभिमानाने यायचा, आठवत असेल काहींना.

या परीक्षेतलं सगळ्यात मानाचं पान म्हणजे जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. नाना शंकरशेट १८६५ साली गेले. त्यांच्या स्मरणार्थ मॅट्रिकला संस्कृतात वरचे गुण मिळवणाऱ्यांसाठी ही शिष्यवृत्ती ठेवली गेली. ती मिळाली की पोराचं नाव इलाख्यात व्हायचं. पुढे कितीही मोठा माणूस झाला तरी त्याच्या चरित्रात 'शंकरशेट स्कॉलर' हे लिहिलं जायचंच.

१८७३ साली ती वामन शिवराम आपटे यांना मिळाली. हे सावंतवाडी संस्थानातले. घर चांगलं खातंपितं होतं, पण दगाफटक्यात सगळं गेलं आणि वडीलही गेले. आई दोन मुलांना घेऊन कोल्हापूरला आली. दोनेक वर्षांत आई गेली, भाऊ गेला. उरला हा एकटा पोरगा. राजाराम हायस्कूलचे हेडमास्तर महादेव मोरेश्वर कुंटे (तेच, 'राजा शिवाजी' हे काव्य लिहिणारे) यांनी त्याला हाताशी धरलं आणि त्या आधारावर तो मॅट्रिकपर्यंत पोचला. पुढे हेच आपटे पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये टिळक, आगरकर, चिपळूणकरांचे सहकारी झाले, १८८५ ला फर्ग्युसन कॉलेजचे पहिले प्राचार्य झाले. १८९० साली त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आला, तो आजही लोक वापरतात. १८९२ मध्ये, पस्तिशीही गाठली नव्हती तेव्हा, ते गेले. आणि न्यू इंग्लिश स्कूलचं नाव कशाने झालं? तर सुरुवातीच्याच वर्षांत त्या शाळेच्या पोरांनी शंकरशेट शिष्यवृत्त्या आणल्या यानेही. म्हणजे 'आमच्या शाळेची उज्ज्वल निकालाची परंपरा' हा फ्लेक्स तेव्हापासूनचा आहे म्हणायचा.

दुसरं नाव चिंतामणराव देशमुखांचं. रायगडच्या पायथ्याजवळ नाते गावी जन्म, मूळ घराणं रोह्याचं. १९१२ च्या मॅट्रिकला विद्यापीठात पहिले, शिवाय संस्कृतची शंकरशेट शिष्यवृत्ती. त्या यशावर राम गणेश गडकऱ्यांनी कविता केली होती. एका मॅट्रिकच्या मुलावर गडकऱ्यांची कविता! पुढे ते आयसीएस झाले, १९४३ ला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री. आणि मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून मंत्रिपदावर पाणी सोडणारे तेच.

आता त्या सत्काराकडे येतो.

१९०७ च्या मॅट्रिकला एल्फिन्स्टन हायस्कूलमधून एक मुलगा पास झाला. भीमराव रामजी आंबेडकर. चरित्रकारांनी दिलेला गुणांचा आकडा ७५० पैकी २८२. टक्के काढले तर ३७.६. आजच्या आपल्या कुठल्याही सत्काराच्या यादीत हे नाव आलं नसतं.

हा आकडा कुठून आला तेही बघा. परळच्या चाळीतली एक खोली. त्यातच स्वयंपाक, त्यातच झोपणं, त्यातच अभ्यास. घर शांत झाल्याशिवाय पोराला वाचता यायचं नाही, म्हणून सुभेदार रामजी स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, मग भीमरावांना उठवायचे आणि नंतर आडवे व्हायचे. आणि शाळेत? संस्कृत शिकायची तीव्र इच्छा. पण अस्पृश्याला संस्कृत शिकवायला मास्तर तयार नाहीत. शेवटी फारसी घ्यावी लागली.

इथे मला थांबावंसं वाटतं. ज्या शिष्यवृत्तीने आपटे आणि देशमुख इलाख्याला कळले, ती संस्कृतची होती. भीमरावांना त्या स्पर्धेत हरायचीसुद्धा मुभा नव्हती. आपण गुणवत्ता यादी म्हणतो तेव्हा ती सगळ्यांमधून काढलेली यादी आहे असं धरून चालतो. त्या यादीत कोण बसूच शकत नव्हतं, हे यादीवर छापलेलं नसतं.

तर हा मुलगा पास झाला आणि समाजातल्या लोकांनी त्याचा जाहीर सत्कार केला. प्रसिद्ध चरित्रांत असं आहे की सभेचे अध्यक्ष होते सीताराम केशव बोले आणि सभेत कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी आपण लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र भीमरावांना भेट दिलं. केळूसकर पेशाने शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत एकटा वाचत बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेत आधीच भरला होता.

गंमत म्हणजे खुद्द बाबासाहेबांची आठवण थोडी वेगळी आहे. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी त्यांनी १९५६ मध्ये एक प्रस्तावना लिहिली होती. तिच्यात ते सांगतात की हा सत्कार आपण इंग्रजी चौथी पास झाल्यावरचा आणि अध्यक्षस्थानी केळूसकरच होते. म्हणजे वर्ष आणि अध्यक्ष, दोन्हींत फरक. दोन वेगळे सत्कार असतील किंवा पन्नास वर्षांनी आठवण सरकली असेल. मी पत्रकार माणूस, दोन्ही बाजू देतो. पुस्तक, ते देणारे केळूसकर आणि घेणारा मुलगा, या तीन गोष्टींवर मात्र दोन्हीकडे एकमत आहे.

त्याच प्रस्तावनेत अजून एक तपशील आहे, तो मला फार आवडतो. लोक सत्काराची परवानगी मागायला गेले तेव्हा सुभेदारांनी चक्क नाही म्हणून सांगितलं. पोराच्या डोक्यात हवा जाईल, फक्त परीक्षा तर पास झालाय, दुसरं काय केलंय त्याने, असा त्यांचा सूर. लोक हिरमुसले, पण हटले नाहीत. केळूसकर हे रामजींचे मित्र, त्यांना मध्ये घातलं. थोडी हुज्जत झाली आणि सुभेदार तयार झाले. दुसऱ्या समाजांत ही फार मोठी गोष्ट नव्हती, पण आमच्यात इथवर पोचलेला मी पहिलाच होतो, असंही बाबासाहेब तिथे लिहितात.

'पहिलाच होतो.' त्या लोकांनी टक्के बघितले नव्हते. कुठून निघून कुठे पोचला ते बघितलं होतं.

आणि त्या सभेतल्या लोकांनी नंतर काय केलं ते बघा. केळूसकर पुस्तक देऊन, फोटो काढून घरी गेले नाहीत (फोटो नव्हताच म्हणा). इंटरनंतर रामजींकडचे पैसे संपले तेव्हा केळूसकरच भीमरावांना सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले. महाराजांनी दरमहा २५ रुपये लावून दिले. त्यावर १९१२ ला बीए झालं आणि १९१३ ला बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया. बोल्यांनी ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला की सार्वजनिक पैशातले पाणवठे, विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. ठराव मंजूर झाला, महाड नगरपालिकेनेही आपलं तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, पण कागदावरच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते हा हक्क बजावायला. आणि ते भेट मिळालेलं पुस्तक? त्या पुस्तकाच्या मदतीने मी बुद्धाकडे वळलो, असं बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

अजून एक योगायोग. १९१२ साली भीमराव बीए झाले, त्याच साली देशमुख मॅट्रिकला पहिले आले. १९५० मध्ये हे दोघे नेहरूंच्या एकाच मंत्रिमंडळात होते. एक अर्थमंत्री, एक कायदेमंत्री. विद्यापीठात पहिला आलेला आणि ७५० पैकी २८२ वाला.

यावरून कुणी असं काढू नका की मार्कांना किंमत नाही. 'मार्कांत काय ठेवलंय' हे वाक्य मला अजिबात आवडत नाही. ते बहुतेक वेळा ज्यांच्या घरी सगळं आहे तेच म्हणतात. देशमुखांचा पहिला नंबर खराच होता, आपट्यांची शिष्यवृत्ती तर त्या अनाथ पोराची शिदोरी होती. मला म्हणायचंय ते एवढंच, की सत्कार कुणाचा करायचा हे आपण ठरवतो, आणि गेली काही वर्षं आपण ते कॅल्क्युलेटरवर सोडून दिलंय.

पुढचा इतिहास पटकन सांगतो, कारण तो आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलाय. राज्याचं मंडळ १९६६ पासूनचं, अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली १९७५ ला. मग 'बोर्डात येणं' सुरू झालं. मी दहावी झालो तेव्हा पेपरात पहिल्या पानावर बोर्डात आलेल्यांचे पासपोर्ट फोटो असायचे आणि आत बारीक टायपात सीट नंबर. लातूर पॅटर्नचा दबदबा तेव्हाचाच. पत्रकारितेत आल्यावर मीही अशा घरांत पेढा भरवतानाचे फोटो काढत फिरलोय, पेढा परत एकदा भरवा हो, असं म्हणत. मुलांवरचा ताण, क्लासवाल्यांच्या जाहिराती यावरून ओरड वाढली आणि २००० नंतरच्या दशकात मंडळाने गुणवत्ता यादी बंद केली. २०१० पासून बेस्ट ऑफ फाइव्ह आलं. त्यात खेळाचे, कलेचे वाढीव गुण. २०२५ ला राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला आणि पैकीच्या पैकी गुण मिळवणारे २११ होते, त्यातले ११३ एकट्या लातूर विभागातले.

मंडळाने यादी बंद केली, आपण ती चौकाचौकात सुरू केली. ८५ च्या वर, ९० च्या वर. आणि चार तासांच्या कार्यक्रमानंतर त्या पोरांचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नाही. ९६ टक्क्यांच्या पोरालासुद्धा नाही.

काल बाजार समितीत जाऊन त्या काकांना गाठलं. मुलीला कॉमर्सला जायचंय. अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरलाय, पण वस्तीवरून कॉलेजला यायला एसटीची वेळ जुळत नाही, म्हणून घरात अजून ठरत नाहीये. डेपोत बोलून बघतो म्हणालो. बघतोय.

आपल्या तालुक्यातल्या मुख्याध्यापकांना, सर-मॅडमना विनंती: यंदा ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणी दहावी पास झालंय अशा मुला-मुलींची नावं मला या नंबरच्या व्हॉट्सॲपवर नाहीतर इनबॉक्सात पाठवा. टक्के लिहू नका. गावाचं नाव आणि पुढे शिकायला नेमकी अडचण काय, हे मात्र लिहा. दोन शाळांची नावं आलीत. सभागृह आणि पुस्तकांचं बघणारे दोघे-तिघे आहेत. केळूसकर गुरुजींसारखं पुढे मागे लागणारं कुणी हवंय, प्रत्येक पोरामागे एक. शिक्षक, बँकवाले, निवृत्त मंडळी, ज्यांना जमेल त्यांनी कमेंटमध्ये नाव टाका. काकांना तारीख आठ दिवस आधी कळवायचीय, त्यांना त्या दिवशी खाडा करावा लागेल.